चौकटीवरची दोरी

देवपुरातल्या त्या घरात राहायला गेल्यावर तिसऱ्या रविवारी मी आमच्या घरमालकांचं नऊ वर्षांचं काम साडेतीन तासांत उपटून टाकलं. विळा शेजारून मागून आणलेला, कुदळ जिन्याखाली सापडलेली. माझे होते ते फक्त कष्ट.

आमच्या लग्नाला चार महिने झाले होते. जळगावहून धुळ्याला बदली झालेली, पाटबंधारे खात्यात कारकून, वरच्या मजल्यावर खोल्या दोन. घरमालक आणि अक्का, म्हणजे मालकीणबाई, नात्यातल्या लग्नाला जामनेरला गेलेले. घरामागे कंपाउंडच्या भिंतीला लागून नुसतं रान माजलं होतं. गुडघाभर गवत, तरोटा, रुईची दोन झुडपं आणि मधोमध छातीएवढी काटेरी बोर. आदल्या दिवशी हिची साडी त्या बोरीत अडकून फाटली होती. नव्या नवऱ्याला एवढं कारण पुष्कळ होतं. मी सगळं मुळांसकट काढलं. खाली गवतात एक लोखंडी सळईची चौकोनी चौकट सापडली, ती भंगार समजून भिंतीला टेकवून ठेवली. ढीग फाटकाबाहेर टाकला, तो दुपारी नगरपालिकेचा ट्रॅक्टर घेऊन गेला. मग मी आंघोळ केली, हिने चहा दिला, आणि आम्ही दोघं मागच्या पायरीवर बसून ती उघडी, काळी, स्वच्छ जमीन बघत राहिलो. स्वतःबद्दल इतकं चांगलं मला त्यानंतर कधी वाटलेलं नाही.

संध्याकाळी दोघं रिक्षातून उतरले. घरमालक कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे सगळं देवपूर त्यांना सर म्हणे. खांद्यावरची पिशवी न उतरवता सर आधी मागे गेले. मी मागोमाग, शाबासकी घ्यायला. ते जरा वेळ उभे राहिले. मग त्यांनी भिंतीशी टेकवलेली चौकट उचलली, बरोबर पहिल्या जागी आणून ठेवली आणि चारी कोपरे चपलेने दाबले.

"किती वाजता सुरू केलंत?"

"साडेआठ."

"संपलं?"

"बारा."

"वरचेवर कापलंत की मुळांसकट?"

"मुळांसकट, सर," मी म्हणालो, आणि मला अजून आठवतं, मी हे छाती काढून म्हणालो.

सरांनी मान हलवली आणि ते आत गेले. माझं काहीतरी चुकलं एवढं मला तेव्हा कळलं. काय चुकलं ते कळेना. अक्का दारात बॅग घेऊन उभ्या होत्या. त्यांनी त्या मोकळ्या जमिनीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "बठ्ठं उपटी टाकं ना? घाबरू नको भाऊ. काही बोलतीन नही. लिखतीन."

आणि खरंच, सरांनी लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावून एक लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही दाखवली. शेवटच्या पानावर सुवाच्य अक्षरात होतं: "व्यत्यय. प्रकार: मानवी. साधन: विळा, कुदळ. अवधी: साडेतीन तास. मुळे: काढली. हेतू: चांगला."

"हेतू लिहायची पद्धत नाही," सर म्हणाले. "पण तुम्ही वरच राहता."

मग त्यांनी मला ती गोष्ट समजावली. घर दाखवताना त्यांनी ती एकदा सांगितली होती, आणि तेव्हा मी पाणी किती वाजता येतं याच्या विचारात नुसता मान हलवत होतो. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागची दोन मीटर बाय दोन मीटर जमीन खणून, भाजून, पार उघडी करून घेतली आणि भोवती चौकट टाकली. मग नियम केला: चौकटीत हात घालायचा नाही. पेरायचं नाही, पाणी द्यायचं नाही, उपटायचं नाही. फक्त बघायचं आणि लिहायचं, की उघड्या जमिनीवर आधी कोण येतं, त्याच्या मागून कोण येतं, आणि शेवटी कोण राहतं. पहिल्या पावसात तरोटा आणि गाजरगवत आलं. मग हराळीने पाय पसरले. मग कुसळ, मग रुई. मागून येणारा आधीच्याच्या सावलीत, त्याच्याच कुजलेल्या पानांवर वाढतो आणि मग त्यालाच हटवतो, असं सर सांगत. चौथ्या वर्षी कुठल्यातरी पाखराच्या पोटातून बोर आली. नवव्या वर्षी तिला पहिल्यांदा कळ्या धरल्या.

"वरचेवर कापली असती तर बोर मुळापासून परत फुटली असती," सर म्हणाले. "म्हणून विचारलं."

त्यांना ती चौकट एकदा झाडापर्यंत गेलेली पाहायची होती. झाड म्हणजे ज्याला फळ धरलं ते, अशी त्यांची व्याख्या. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी हे फळ्यावर खडूने काढून शिकवलं होतं, चार पायऱ्या आणि वर एक झाड. डोळ्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांचं वय तेव्हा सदुसष्ट. सदऱ्याच्या खिशात जिभेखाली ठेवायच्या गोळीची डबी. माझं गणित तसं कच्चं आहे, पण सदुसष्ट अधिक नऊ हे मला पायरीवर उभ्या उभ्या जमलं.

सर माणूस कसा होता हे सांगायचं तर एका वर्तमानपत्राचं सांगितलं पाहिजे. आम्ही दोघं एकच पेपर घ्यायचो आणि दोघांनाही तो सात वाजता हवा असायचा. चौथ्या दिवशी सर म्हणाले, "एका कोनाड्यात दोन जाती टिकत नाहीत. एक तरी जाते, नाहीतर दोघी आपापल्या सवयी बदलतात. तुम्हाला घालवावं असं मला वाटत नाही." त्या दिवसापासून ते पेपर मागच्या पानापासून वाचायला लागले. आधी निधनवार्ता, मग बाजारभाव, आणि पुढचं पान मी ऑफिसला गेल्यावर. जगातली मोठी बातमी त्यांना नेहमी दुपारी कळायची. एकदा मी पेपर चुकून सोबत घेऊन गेलो. परत आलो तेव्हा सर ओट्यावर शांत बसलेले. म्हणाले, "आज उपासमार झाली. पण जगलो."

हा कोनाडा, म्हणजे निसर्गातली ज्याची त्याची जागा, ते सगळ्यांना लावायचे. गल्लीतल्या प्रत्येक माणसाचा, मांजराचा, फेरीवाल्याचा कोनाडा त्यांनी ठरवलेला होता. कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार मूळचे राजस्थानातले. त्यांच्या दुकानासमोर सर तासभर उभे राहून सांडलेल्या दाण्यांवर कोण कोण येतं ते बघायचे. आधी चिमण्या, मग होले, मग खारी, मग मुंग्या. शेटजी एकदा वैतागून म्हणाले, "सर, काही घ्यायचं का?" सर म्हणाले, "तुम्ही झाडू जरा उशिरा मारा, एवढंच." आणि शेटजी तेव्हापासून झाडू उशिरा मारायला लागले. हे मी स्वतः पाहिलं आहे.

माझा कोनाडा कोणता, असं मी एकदा विचारलं. सरांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "अजून ठरतोय."

भरिताच्या दिवशी मात्र त्यांचं शास्त्र जेवणात यायचं. अक्का मागच्या अंगणात तुरकाठ्यांवर वांगी भाजायच्या आणि सर पाटावर बसून सांगायचे, की सूर्याचं झाडात येतं ते थोडं, झाडाचं किड्यात येतं ते त्याहून थोडं, किड्याचं पाखरात येतं ते चिमूटभर. "म्हणून ससाणे थोडे असतात आणि गवत पुष्कळ असतं." हे ऐकता ऐकता मी चौथी भाकरी घ्यायचो. अक्का म्हणायच्या, "तू खाई ले भाऊ. यास्नं ऐकशी तर उपाशी मरशी."

एकदा अक्का आठ दिवस भडगावला बहिणीकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने दूध देणं बंद केलं, कारण हाक कोण मारणार. तिसऱ्या दिवशी मांजर गेलं. चौथ्या दिवशी मोरीशी पाणी प्यायला येणाऱ्या चिमण्या यायच्या थांबल्या. तो तुटका माठ अक्का भरायच्या हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. पाचव्या दिवशी सर आणि मी किल्लीवरून भांडलो, सहा वर्षांत तेवढंच एकदा. आठव्या दिवशी अक्का आल्या, तेव्हा सर दारातच म्हणाले, "कमानीत एक दगड असा असतो की तो काढला की सगळी कमान उतरते. तसे काही प्राणी असतात. मी हे शिकवत आलो आणि घरात माझ्या लक्षात नाही आलं." अक्कांनी पिशवी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "दगड म्हनतस माले. माठ भरा पहिले."

वहीच्या बाबतीत मात्र सर कडक. एकदा फाटक उघडं राहून शेळी आत आली आणि चौकटीतलं अर्धं गवत खाऊन गेली. फाटक अक्कांनी उघडं ठेवलं असणार असं मला वाटलं, पण सरांनी वहीत लिहिलं: "शेळी. फाटक मी उघडे ठेवले." मी म्हटलं, सर, एवढं कशाला लिहायचं, वाचणार कोण. तर म्हणाले, "झाडाला फरक पडत नाही. पण मी वहीत एकदा खोटं लिहिलं, की मग मला माझ्याच वहीवर विश्वास ठेवता येणार नाही. आणि मग माझ्याकडे वाचायला दुसरं काय आहे?"

तर अशा माणसाची बोर मी उपटली होती. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते रोज सकाळी चौकटीशी पाट टाकून बसायचे, भिंगातून जमीन बघायचे आणि मला उत्साहाने सांगायचे, "तरोटा आला. दोन पानांवर आहे." नऊ वर्षांपूर्वी आलेलं तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून येत होतं, आणि सर ते पहिल्यांदाच आल्यासारखं लिहीत होते. मला ते बघवत नसे. त्यांनी खिशातली डबी चाचपली की मी मनात वर्षं मोजायचो.

म्हणून मी दुसरा घोटाळा केला. हिवाळ्यात जळगावहून बोरं आणली, खाल्ली, तीन चांगल्या आठळ्या ऑफिसच्या टेबलाच्या खणात जपून ठेवल्या. पाऊस सुरू झाल्यावर, सर दवाखान्यात गेलेले बघून, चौकटीत बोटाने भोकं पाडून त्या पेरल्या. सोळा-सतरा दिवसांनी कोंब आले. मी सगळ्यात आधी सरांना बोलवायला धावलो. "सर, बोर आली."

सर भिंग घेऊन वाकले. बराच वेळ वाकून राहिले. मग म्हणाले, "पाखरं ओळीत पेरत नाहीत."

मी पाहिलं. तिन्ही कोंब एका सरळ रेषेत होते, वीत-वीत अंतरावर. सरकारी नोकरीतला माणूस. मला दुसऱ्या प्रकारे पेरताच आलं नव्हतं.

"आणि एवढं खोल तर नाहीच," सर म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून उठले. "यांचा काही दोष नाही. पण मी जमिनीला विचारतोय आणि उत्तर तुम्ही देताय. तुम्हीच काढा. कोंब आहेत, हळू काढा."

मी ते तीन कोंब काढले. ते भिंतीपलीकडे लावले, तिकडे ते जगले नाहीत. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ही ताट झाकून ठेवायची.

त्याच आठवड्यात हिने मागे कपड्यांची दोरी बांधली. एक टोक घराच्या भिंतीला, एक टोक कंपाउंडला, बरोबर चौकटीच्या डोक्यावरून. पूर्वी तिथं बोर होती म्हणून दोरी बांधता येत नव्हती; आता जागा मोकळी होती. मला वाटलं, बाईमाणसाला सोय दिसते. दोरी बांधल्यावर दोनच दिवसांत तिच्यावर पाखरं बसायला लागली. साळुंक्या, बुलबुल, होले. शेजारच्या निंबाच्या निंबोळ्या खायच्या आणि दोरीवर येऊन पोट हलकं करायचं. कपडे खराब व्हायला लागले. ही अशी, की रुमालावर चहाचा डाग पडला तरी तीनदा धुणार. पण दोरी काही तिने हलवली नाही. साड्या आणि चादरी गच्चीवर नेऊन वाळत घालायला लागली आणि त्या दोरीवर माझे ऑफिसचे शर्ट तेवढे राहिले. मी महिनोन्महिने खांद्यावर पाखरांची सही घेऊन ऑफिसला गेलो. साहेब विचारायचे, "काय, शेतातून येता का?" मी हिला दोनदा सांगितलं, दोरी जिन्याकडे घे. ती म्हणाली, "राहू द्या, बांधली आहे ना."

पुढच्या पावसात चौकटीत, दोरीच्या अगदी खाली, निंबाचं रोप आलं. कात्र्या पानांचं, बोटभर. सरांनी मला हाक मारली नाही. ते स्वतः जिना चढून वर आले. दम लागला होता. म्हणाले, "कुणी पेरलेलं नाही. मी दोनदा तपासलं."

मी शपथ घेतली की मी नाही. सर हसले. "माहीत आहे. एकटंच आहे, ओळ नाही."

आमची बदली झाली तेव्हा निंब माझ्या खांद्याला आला होता. जळगावला परत आल्यावर दर रविवारी सरांचा फोन यायचा. तब्येत विचारली की ते निंबाची सांगायचे. "चार हात झाला." "यंदा पानगळ लवकर." "खालची कुसळ विरळ व्हायला लागली, सावली पडते." मी मनातल्या मनात वर्षं मोजत राहायचो, आणि फोनची घंटा रविवारी जरा उशिरा वाजली की माझा जीव खालीवर व्हायचा.

सर पंचाहत्तरीला आले त्या उन्हाळ्यात फोन शुक्रवारीच आला. एवढंच म्हणाले, "या. वहिनींना घेऊन या."

गेलो. सर चौकटीशेजारी खुर्ची टाकून बसलेले. बरेच वाळले होते. निंबाची सावली चौकटीच्या बाहेर गेलेली, खाली गवत जवळजवळ नव्हतंच, नुसता पिवळ्या पानांचा थर. आणि फांद्यांना पिकलेल्या निंबोळ्या. सर उठून उभे राहिले, एक निंबोळी तोडून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. "चाखा."

मी चाखली. आधी गोड आणि मागून कडू. सर माझ्या तोंडाकडे बघत होते.

"नऊच्या आत आलं," ते म्हणाले. "बोरीला कळ्या धरल्या त्याच्याही वर्षभर आधी फळलं. तुम्ही जमीन भुसभुशीत करून ठेवली होती ना, मुळांसकट."

अक्कांनी आतून हाक मारली, "भाऊ, आते तरी जेव पोटभर." मी जेवलो. सर त्या दिवशी ऊर्जेबद्दल काही बोलले नाहीत. मला स्वतः वाढत होते.

त्यानंतर सर चार वर्षं होते. गेल्या हिवाळ्यात गेले, सकाळी, चौकटीशी पाटावर बसलेले असताना. आम्ही अक्कांना भेटायला गेलो. अक्का मागच्या पायरीवर बसल्या होत्या, माठ भरलेला होता. निघताना त्यांनी ती लांबट वही माझ्या हातात दिली. "तू ले. माले काय वाचता येस का त्यास्नं बारीक."

जळगावच्या बसमध्ये मी वही उघडली आणि हिला वाचून दाखवायला लागलो. माझा विळा, माझा हेतू, शेळी, फाटक. आठळ्यांच्या पानावर लिहिलं होतं: "तीन रोपे, मानवी. काढली. पेरणाऱ्यास फार वाईट वाटले." मग पुढचं पान वाचलं.

"कपड्यांची दोरी. भाडेकरणीने सोयीसाठी स्वतःहून बांधली. निरीक्षकाचा संबंध नाही."

पारोळा मागे पडलं होतं. ही खिडकीतून बाहेर बघत होती. तशीच बघत म्हणाली, "हे खोटं आहे."

"काय खोटं?"

"मला दोरी जिन्याकडे हवी होती. ऊन तिकडे. तुम्ही ऑफिसला गेल्यावर सर हातोडी घेऊन आले, दोन्हीकडे खिळे त्यांनीच ठोकले. मी विचारलं, सर, तुमचा नियम? तर म्हणाले, चौकटीत हात घालायचा नाही असा नियम आहे, वरच्या हवेचा नियम मी अजून केलेला नाही."

मी त्या ओळीकडे पुन्हा पाहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुवाच्य होतं.

"आणि माझे शर्ट? तेही सरांनीच सांगितलं?"

"ते नाही. ते माझं."

"पण सरांनी असं करावं? वहीत? आणि इतकी वर्षं तू मला बोलली नाहीस."

"सांगू नका म्हणाले होते." तिने माझ्या मांडीवरची वही मिटली आणि पिशवीत ठेवली. "दोन दिवस जेवला नव्हतात तुम्ही. मी खाली जाऊन अक्कांना सांगत होते, तर सर आतून ऐकत होते. हातोडी घेऊन आले आणि म्हणाले, झाड यायचं तेव्हा येईल, आधी हा माणूस जेवायला पाहिजे."